भाषेच्या मागे उभा असतो शिक्षक

(एका व्याख्यानाचा मजकूर)



पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांना ‘मॅक्सम्युलर भवन’ हे नाव अपरिचित नाही. पुण्यात बोट क्लब रस्त्यावर आणि मुंबईत काळा घोडा परिसरात या संस्थेच्या वास्तू आहेत. दहावी-बारावीनंतर जर्मन शिकू लागलेली मुलगी, अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष संपवून म्युनिक किंवा आखेनला जाण्याची तयारी करणारा मुलगा, लग्नानंतर पतीकडे जाण्यासाठी व्हिसाच्या अटीपायी पहिल्या पातळीची परीक्षा देणारी नववधू, यांपैकी कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात असतेच. मात्र या वास्तूमागे जगभर पसरलेली जी रचना उभी आहे, ती कशी जन्मली, कशी चालते आणि भाषेवर प्रेम करणाऱ्या समाजाने तिच्याकडून काय घ्यावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. भाषेचा अभिमान या विषयावर आपल्याकडे जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशानेही भाषेच्या अध्यापनावर बोलले जात नाही. म्हणून आजचा विषय.

प्रथम नावाविषयी. जगभर ही संस्था ‘गटे इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाते. हिंदुस्थानात मात्र तिने मॅक्सम्युलरचे नाव धारण केले. सायणभाष्यासह ऋग्वेदाची सहा खंडांची आवृत्ती १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सिद्ध करणारा हा जर्मन पंडित ऑक्सफर्डला राहिला, तेथेच १९०० साली वारला आणि आयुष्यात एकदाही या भूमीवर आला नाही. त्या आवृत्तीचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला होता. त्याच्या हेतूंविषयी, विशेषतः त्याच्या पत्रांतील मजकुराविषयी, आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आहे. तो वाद आजचा विषय नव्हे. जर्मनांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. परक्या देशात जाताना त्यांनी आपल्या महाकवीचे नाव बाजूला ठेवले आणि त्या देशाला ओळखीचे असलेले नाव पाटीवर लावले. गटे हा कवीही आपल्याला परका नाही. फोर्स्टरने केलेला शाकुंतलाचा जर्मन अनुवाद १७९१ साली वाचून तो भारावून गेला होता. तरीही पाटीवर नाव मॅक्सम्युलरचेच आले. पाहुणा ज्या घरात जातो, त्या घराची रीत आधी पाहतो, तसाच हा प्रकार.

आता या संस्थेच्या जन्माकडे वळू. म्युनिक शहरात १९२५ साली ‘डॉइच अकादमी’ नावाची संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीला जगात पुन्हा मान मिळवून द्यायचा तर तो सैन्याच्या नव्हे, भाषेच्या आणि विद्येच्या मार्गाने, असा तिचा प्रारंभीचा विचार होता. याच अकादमीत हिंदुस्थानासाठी वेगळा विभाग निघाला. क्रांतिकारक तारकनाथ दास यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि हिंदुस्थानी तरुणांना जर्मन विद्यापीठांत शिकण्यासाठी त्या विभागाने शिष्यवृत्त्या दिल्या. गटेच्या निधनाला शंभर वर्षे झाली त्या १९३२ साली अकादमीने एक नवे केंद्र उघडले. परदेशांत जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांना म्युनिकमध्ये बोलावून प्रशिक्षण द्यायचे, हे त्याचे काम. ‘गटे इन्स्टिट्यूट’ हे नाव प्रथम याच केंद्राला मिळाले. पुढच्याच वर्षी हिटलरची राजवट आली. अकादमी हळूहळू त्या राजवटीच्या प्रचाराचे साधन बनली, युद्धकाळात व्यापलेल्या देशांत भाषेचे वर्ग हे सत्तेचे शेपूट म्हणून चालले आणि १९४५ साली अमेरिकी लष्करी प्रशासनाने ती बरखास्त केली.

हा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. १९५१ साली म्युनिकमध्ये गटे इन्स्टिट्यूट पुन्हा उभी राहिली तेव्हा जर्मनीजवळ काय होते? शहरे उद्ध्वस्त, देश दुभंगलेला आणि जर्मन भाषा म्हणजे युरोपातल्या असंख्य घरांत तिरस्काराची भाषा. शेजारच्या देशांतील माणसांनी ती छावण्यांतल्या आज्ञा म्हणून ऐकली होती. अशा वेळी भाषेचा प्रसार कोणत्या तोंडाने करायचा? घोषणा करणे शक्य नव्हते आणि थोरवी सांगणे तर हास्यास्पद ठरले असते. त्या माणसांनी सर्वांत साधे काम हाती घेतले: परदेशी शिक्षकांना जर्मन कसे शिकवावे हे शिकवायचे. शाळांचे जाळे नंतर आले. आरंभ शिक्षकप्रशिक्षणापासून झाला. या क्रमाकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

१९५३ साली बवेरियातील बाड रायखेनहाल या लहानशा गावात पहिले भाषावर्ग सुरू झाले. नंतर मुर्नाऊ, कोखेल अशी तळ्याकाठची, डोंगरपायथ्याची गावे निवडली गेली. यामागे जसे सौंदर्य होते तशी व्यवहारदृष्टीही होती. परदेशी विद्यार्थ्याला ढिगारे दाखवायचे नव्हते. आणि लहान गावात विद्यार्थी वर्गाबाहेर पडला की बेकरीत, टपाल कचेरीत, रस्त्यावर जर्मन बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे गुरुगृही राहून विद्या घेण्याची जी रीत होती, तिचे मर्म हेच नव्हते काय? तासाला शिकलेले विसरायला वेळच मिळू द्यायचा नाही.

पण गावात राहून जे होते ते कैरो, अंकारा किंवा कोलकात्यातल्या वर्गात कसे व्हावे? त्यासाठी पाठ्यपुस्तक हवे होते. डोरा शुल्ट्स आणि हाइन्झ ग्रीसबाख यांनी १९५५ साली परदेशीयांसाठी जर्मनचे एक पुस्तक सिद्ध केले. ‘शुल्ट्स-ग्रीसबाख’ याच नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि अनेक देशांतील एका संपूर्ण पिढीने त्यावरच जर्मन गिरवले. आजच्या दृष्टीने ते व्याकरणाला फार चिकटलेले वाटते, आणि पुढे संस्थेनेही ते मागे टाकले. तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही. मातृभाषा म्हणून भाषा शिकणाऱ्या मुलाचे पुस्तक निराळे आणि परकी म्हणून शिकणाऱ्या प्रौढाचे पुस्तक निराळे, हा भेद त्याने पक्का केला. जर्मन मुलाला ‘टेबल’ पुल्लिंगी आहे हे सांगावे लागत नाही. बंगाली तरुणाला ते सांगावेच लागते.

१९५९-६० पासून परदेशांतील जर्मन सांस्कृतिक केंद्रे टप्प्याटप्प्याने या संस्थेकडे आली. हिंदुस्थानात १९५७ साली कोलकात्यापासून मॅक्सम्युलर भवनांचा प्रवास सुरू झाला आणि पुढे दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर व पुणे अशी सहा केंद्रे उभी राहिली. आज जगात सुमारे शंभर देशांत दीडशेच्या आसपास केंद्रे आहेत. संस्था नोंदणीकृत संघ आहे, सरकारी खाते नाही. तिला पैशाचा मोठा वाटा जर्मन परराष्ट्र खाते देते आणि उरलेला भाग ती वर्गांच्या व परीक्षांच्या शुल्कातून स्वतः उभा करते. सरकारचा पैसा घेऊनही सरकारपासून एक हात अंतर ठेवायचे, ही व्यवस्था १९७६ च्या करारात लेखी बांधून घेतलेली आहे. हे अंतर त्यांनी १९४५ मधून शिकून घेतले आहे.

अन्य देशांच्या अशा संस्था पाहिल्या तर या अंतराचे मोल अधिक कळते. फ्रान्सची ‘आलियाँस फ्राँसेज’ १८८३ पासूनची. तिच्या आरंभीच्या मंडळींत लुई पाश्चर आणि ज्यूल व्हर्न होते. तिची रचना अधिकच मोकळी, कारण प्रत्येक शहरातील आलियाँस ही तेथील नागरिकांनी स्थापन केलेली स्थानिक संस्था असते. ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, स्पेनची सर्व्हान्तेस संस्था १९९१ ची. चीनने २००४ साली सेऊलपासून कन्फ्यूशियस संस्थांची लाट सुरू केली. पैसा भरपूर होता, वेगही विलक्षण होता, पण ही केंद्रे यजमान विद्यापीठांच्या आतच थाटली गेली आणि तिबेट, तैवान हे विषय तेथे निघेनासे झाले. परिणामी अमेरिकेत ती भराभर बंद पडली आणि स्वीडनमध्ये २०२० पर्यंत एकही उरली नाही. भाषेच्या वर्गात सत्तेचा वास आला की विद्यार्थी आधी ओळखतो.

आता वर्गाच्या आत जाऊ, कारण खरी किमया तेथेच आहे.

पहिल्या दिवशी शिक्षक वर्गात येतो, छातीवर हात ठेवून जर्मनमध्ये आपले नाव सांगतो आणि समोरच्याला हाताने खुणावून त्याचे नाव विचारतो. भाषांतर नाही, व्याकरणाची प्रस्तावना नाही. पंधरा मिनिटांत सगळा वर्ग एकमेकांना नाव विचारत फिरत असतो. दोन तासांनी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला आठ-दहा वाक्ये येत असतात आणि ती त्याने स्वतः वापरलेली असतात. बघणाऱ्याला हा खेळ वाटतो. त्यामागे कोणता शब्द आधी, कोणता नंतर, कोणती चूक लगेच दुरुस्त करायची आणि कोणती मुद्दाम सोडून द्यायची, याचा नेमका हिशेब असतो. चूक सोडून देणे हे तर आपल्या शिक्षकाला सर्वांत अवघड जाणारे काम!

असा शिक्षक घडतो कसा? केवळ जर्मन उत्तम येते म्हणून कोणालाही वर्गावर उभे केले जात नाही. इच्छुकाला आधी भाषेच्या वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मग त्याला अनुभवी शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण करावे लागते. पुढे तो स्वतः पाठ घेतो आणि अनुभवी शिक्षक मागे बसतात. पाठ संपल्यावर चर्चा होते. तीत ‘छान झाला’ असे म्हणून कोणी मोकळे होत नाही. पंचेचाळीस मिनिटांत विद्यार्थी किती बोलले आणि तुम्ही किती बोललात, असा सरळ प्रश्न येतो. चांगल्या चांगल्या वक्त्यांची तेथे भंबेरी उडते.

संस्थेने अलीकडच्या काळात शिक्षकप्रशिक्षणाची जी मालिका तयार केली आहे, तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस शिक्षकाने आपल्याच वर्गाविषयी एक छोटा प्रश्न निवडायचा, त्यावर काही आठवडे प्रयोग करायचा आणि निष्कर्ष लिहून सहकाऱ्यांपुढे मांडायचा. प्रश्न अगदी साधे चालतात. मागच्या रांगेतली मुले जोडीत बसवली तर अधिक बोलतात का? गृहपाठ विद्यार्थ्यांनी एकमेकांचे तपासले तर चुका कमी होतात का? म्हणजे शिक्षक वरून आलेल्या पद्धतीचा हमाल राहत नाही, तर आपल्या वर्गाचा अभ्यासक होतो. आपल्याकडच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात सतरंजीवर बसून दिवसभर भाषणे ऐकलेल्या शिक्षकांना यातील फरक वेगळा सांगायला नको.

या रचनेचा दुसरा खांब म्हणजे पायऱ्या आणि परीक्षा. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाची सहा पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली: ए-१ पासून सी-२ पर्यंत. प्रत्येक पायरीवर माणसाला काय ‘येते’ हे तीत सांगितलेले आहे. व्याकरणाचे कोणते प्रकरण झाले, हा तेथे मापदंड नाही. दुकानात वस्तू मागता येते, डॉक्टरला दुखणे सांगता येते, वर्तमानपत्रातील अग्रलेखाशी वाद घालता येतो, अशा भाषेत ती चौकट बोलते. परीक्षा ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही अंगांची होते. बोलण्याच्या परीक्षेला दोन परीक्षक बसतात. नाशिकला बी-१ झालेली मुलगी आणि नैरोबीला बी-१ झालेला मुलगा एकाच मापाने मोजले जातात. विद्यापीठे, रुग्णालये, व्हिसा कचेऱ्या या कागदावर विश्वास ठेवतात तो या मापामुळे.

मराठी विद्यार्थ्याविषयी येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, आणि हिंदी-इंग्रजी माध्यमातून आलेली मुले तिथे अडखळतात. जर्मनमधला मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रज हसतो. पण ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल काय? जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. आपले तर नेहमीच शेवटी असते. सामासिक शब्दांच्या आगगाड्या पाहून युरोपीय दमतो, पण शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलाला त्या डब्यांची सवय असते. चांगला शिक्षक या घरच्या शिदोरीचा उपयोग करून घेतो. वाईट शिक्षक इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकवतो आणि सोपे होते तेच अवघड करून ठेवतो.

यानंतर एका अप्रिय प्रकरणाकडे यावे लागेल.

सप्टेंबर २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि मॅक्सम्युलर भवन यांच्यात एक करार झाला. त्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत तिसरी भाषा म्हणून संस्कृतऐवजी जर्मन घेण्याची मुभा मिळाली. तीन वर्षांत शेकडो केंद्रीय विद्यालयांत सत्तर हजारांहून अधिक मुले जर्मन शिकू लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये संघटनाच्या नियामक मंडळाने हा पर्याय रद्द केला. त्रिभाषासूत्रात तिसरी भाषा ही भारतीय भाषाच असली पाहिजे, ही भूमिका धोरणाच्या चौकटीत बरोबरच होती. ती २०११ सालीच घ्यायला हवी होती. परंतु निर्णय वर्षाच्या मध्यावर लागू झाला, पालक न्यायालयात गेले, आणि त्या वर्षी मुलांची संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही असे सरकारला सांगावे लागले. नोव्हेंबरात ब्रिस्बेनच्या परिषदेत चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी हा विषय आपल्या पंतप्रधानांपुढे काढला. ऑक्टोबर २०१५ मध्ये उभय देशांनी संयुक्त निवेदन केले: हिंदुस्थानात जर्मनला परकी भाषा म्हणून उत्तेजन आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषांना उत्तेजन.

वर्तमानपत्रांनी याला ‘संस्कृत विरुद्ध जर्मन’ असा रंग दिला. आपल्यातील अनेकांनी विजय मानला आणि विषय तेथेच संपला. पण शांतपणे विचारण्यासारखा प्रश्न राहून गेला. पर्याय मिळताच सत्तर हजार घरांनी संस्कृत का सोडले? परदेशी नोकरीचा मोह हे उत्तर अर्धेच खरे आहे. सहावीतल्या मुलाला नोकरी दिसत नसते. त्याला तास दिसतो. एका तासाला नावे विचारली जातात, गाणी होतात, चित्रे लागतात, मूल पहिल्या आठवड्यात घरी येऊन दोन वाक्ये बोलून दाखवते. दुसऱ्या तासाला ‘देवः देवौ देवाः’ पाठ करायचे असते आणि वर्ष संपले तरी ‘मला पाणी हवे आहे’ एवढेही संस्कृतात म्हणता येत नाही. जर्मनच्या शिक्षकामागे प्रशिक्षण देणारी, पुस्तक पुरवणारी, वर्षातून पुन्हा बोलावून विचारपूस करणारी एक संस्था उभी होती. संस्कृतच्या शिक्षकामागे कोण उभे होते? नियम बदलून मूल त्या वर्गात बसवता येते. तेथे त्याचे मन रमवणे मात्र परिपत्रकाच्या आवाक्यातले नाही. महाराष्ट्रात तर संस्कृत हा ‘गुण मिळवून देणारा’ विषय म्हणून निवडला जातो, आणि शालान्त परीक्षेचा निकाल लागला की पुस्तके रद्दीत जातात. हे संस्कृतवर प्रेम करणाऱ्यांनीच बोलून दाखवले पाहिजे.

संस्कृत तसे शिकवता येत नाही असे मात्र मुळीच नाही. १९८१ साली बंगळुरात काही तरुणांनी संस्कृत संभाषणाची चळवळ सुरू केली. तीच पुढे संस्कृत भारती झाली. दहा दिवस, रोज दोन तास, सगळे संस्कृतातूनच. वस्तू दाखवायची, नाव सांगायचे, विचारायचे. पद्धतीच्या दृष्टीने म्युनिकच्या वर्गात आणि या शिबिरात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते पुढच्या पायऱ्यांत. दहा दिवसांच्या शिबिराने दार उघडते. पण त्यानंतर सहा पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरीला सर्वमान्य परीक्षा आणि त्या परीक्षेला शाळा-महाविद्यालयांनी दिलेली किंमत, हे सारे शालेय संस्कृतशी अजून जोडले गेलेले नाही. कार्यकर्त्याच्या उत्साहावर शिबिर चालते. जिना बांधायला गवंडी लागतात.

आता मराठीकडे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याचा आनंद रास्तच होता. त्याआधी २०२० साली महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. कायद्याने मराठीच्या तासाला गुजराती, तमिळ, भोजपुरी, मल्याळी घरांतली मुले येऊन बसली. शिक्षकाची पदविका मात्र त्याला मराठी ही आईची भाषा असलेल्या मुलाला शिकवायला तयार करते. या नव्या मुलाला काय अडते, हे त्याला कळावे कसे? ‘घर’ चे ‘घराला’, ‘पाणी’ चे ‘पाण्याला’, ‘मूल’ चे ‘मुलाला’ का होते, असा प्रश्न मराठी मुलाने कधीच विचारला नव्हता. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च निराळे आहेत, अक्षर एकच आहे, हे मराठी शिक्षकाच्या लक्षातही आलेले नसते. तमिळ मूल पहिल्याच दिवशी तिथे ठेचकाळते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतला भेद समजावताना भल्याभल्यांची भाषा अडखळते. आपली भाषा परक्याच्या कानाने ऐकणे, ही वेगळी विद्या आहे.

ही विद्या मराठीला कधीच नव्हती असे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. बाहेरून आलेल्या माणसांना मराठी शिकण्याची निकड होती म्हणून तो झाला, आणि आजही मराठीचा अभ्यासक तो उघडतो. त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्सने मराठीत पुराण रचले आणि कोकणीचे व्याकरण लिहिले. त्यांचे हेतू राज्याचे आणि धर्मप्रसाराचे होते, हे कोणी विसरू नये. पण परकी भाषा शिकण्यासाठी साधने लागतात, एवढे त्यांना कळले होते. आपल्या काळातले उदाहरण गुंथर सोन्थायमर यांचे. हायडेलबर्ग विद्यापीठातील हा जर्मन अभ्यासक महाराष्ट्रातल्या धनगरवाड्यांवर हिंडला, खंडोबाच्या जत्रांना गेला, ओव्या टिपून घेत राहिला. १९९२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जेजुरीच्या देवाचा एक जाणता अभ्यासक गेला. परक्याला मराठी इतकी खोलवर शिकता येते. त्यासाठी त्याने स्वतःच रस्ता खोदायचा, की आपण तो बांधून ठेवायचा?

याचे एक उत्तर मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागातून यावे, हा योगायोग खचितच नव्हे. तेथील डॉ. विभा सुराणा यांच्या पुढाकाराने आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार झाला. जर्मन ही परकी भाषा म्हणून शिकवताना जी पद्धत, ज्या पायऱ्या, जी संवादाधारित पुस्तके वापरली जातात, तीच दृष्टी मराठीला लावून अमराठी प्रौढांसाठी पातळीनिहाय पुस्तके झाली. रिक्षावाल्याशी बोलणे, भाजी घेणे, शेजाऱ्याकडे गणपतीला जाणे, असे प्रसंग घेऊन मराठी शिकवायची. गटेच्या नावाची संस्था जी विद्या जगभर वाटत होती, तिचे पाणी असे वळून आपल्या शेतात आले. बँकांत, रुग्णालयांत, गृहनिर्माण संस्थांत मराठीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही पुस्तके पाहिली आहेत? पाट्यांवर डांबर फासण्यापेक्षा आपल्या इमारतीतल्या चार अमराठी कुटुंबांना आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी शिकवणे कष्टाचे आहे, आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही.

देशाबाहेरही काम उभे आहे. मॉरिशसमध्ये ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना शाळेत मराठी शिकता येते, आणि १९७० साली स्थापन झालेली मोका येथील महात्मा गांधी संस्था मराठीच्या शिक्षकांना तेथेच तयार करते. एवढ्याशा बेटावर मराठी टिकली याला घरची आठवण जितकी कारण, तितकीच ही शिक्षक घडवण्याची सोय कारण आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने रविवारच्या मराठी शाळा चालतात. भारती विद्यापीठाने त्यांच्या परीक्षांना मान्यतेची जोड दिली. तेथे शिकवणारे बहुधा आईबापच असतात. आठवडाभर संगणकापुढे बसून रविवारी सकाळी ‘कमळ, बदक’ गिरवून घेणाऱ्या या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण न्यू जर्सीतल्या मुलाला आजीशी दूरध्वनीवर बोलायचे असते. त्याला लिपीच्या आधी बोलणे हवे असते. ते शिकवायचे कसे, हे त्या आईला कोणी दाखवले आहे काय? सुटीत भारतात आलेल्या अशा पालक-शिक्षकांसाठी पुण्यात दोन आठवड्यांचा वर्ग ठेवता येईल. मागच्या बाकावर बसून निरीक्षण, मग स्वतःचा पाठ, मग चर्चा. म्युनिकने १९३२ मध्ये आणि पुन्हा १९५१ मध्ये जे केले तेच हे, आणि त्यासाठी ना मोठी इमारत लागते, ना परराष्ट्र खात्याचा पैसा.

गटे इन्स्टिट्यूटचे सारे चांगलेच चालले आहे असाही समज नको. २०२३ साली खर्चाच्या ओझ्याखाली तिने नऊ केंद्रे बंद करण्याचे जाहीर केले, आणि ती मुख्यतः इटली, फ्रान्स अशा जवळच्या देशांतली होती. भाषा शिकण्याची ओढही बदलली आहे. आज वर्गात येणाऱ्यांपैकी गटेची कविता वाचायला किती येतात आणि कागद मिळवायला किती, हा प्रश्न तेथील शिक्षकांनाही पडतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक असे दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवण्याचा तो विचार होता. त्याच वर्षी जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. हे आकडे ऐकून सांगली-सातारा-लातूरच्या घरांत आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे.

पण परिचारिकेला रुग्णशय्येपाशी उभे राहायचे तर साधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन लागते. रात्री दोन वाजता म्हातारा रुग्ण आपल्या गावच्या बोलीत काय दुखते ते सांगतो, ते तिला समजले पाहिजे. ही पायरी चढायला चांगला शिक्षक मिळाला तरी वर्षभराहून अधिक नेटाचे काम आहे. वाईट शिक्षक मिळाला तर घरची जमीन गहाण टाकून शुल्क भरलेली मुलगी तिसऱ्यांदा नापास होते. पहिल्या पातळीपुरते जर्मन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी ‘जर्मन क्लास’ची पाटी लावतो आणि सहा महिन्यांत नोकरीची हमी देतो, असे चित्र अशा प्रत्येक लाटेत दिसते. आपल्या ओळखीतल्या कुटुंबांनी वर्ग निवडताना शिक्षकाला चार प्रश्न अवश्य विचारावेत: तुमची स्वतःची पातळी कोणती, शिकवण्याचे प्रशिक्षण कोठे घेतले, एका वर्गात मुले किती, आणि तासाला बोलते कोण, तुम्ही की मुले? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्याकडे पैसे भरू नयेत. जो ‘उद्या येऊन वर्गात बसून पाहा’ म्हणतो, त्याच्याकडे मुलीला खुशाल पाठवावे.